‘सर्वांसाठी’ म्हणजे नक्की कुणासाठी? बर्फातल्या एका रस्त्याच्या अहवालाबद्दल

गेल्या वर्षी माझ्या गाईड मॅडमनी मला एक जाडजूड अहवाल वाचायला दिला. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या परिवहन विभागाचा. विषय एका दरीतला एक रस्ता, आणि हिवाळ्यात तो वारंवार बंद पडतो त्याचं काय करायचं हा. माझं पीएचडीचं काम सह्याद्रीतले घाटरस्ते आणि पावसाळ्यात त्यांच्यावर कोसळणाऱ्या दरडी यांच्यावर आहे. बर्फ मी पाहिलाय तो फ्रीजरमधला आणि एकदा कॉलेजच्या सहलीत मनालीला. स्कीइंग तर फक्त व्हिडिओत. त्यामुळे मी तोंड वाकडं केलं. मॅडम म्हणाल्या, “अगं, हिमस्खलनाच्या जागी दरड घाल आणि वाच. आणि ‘युजर’ हा शब्द जिथे जिथे येईल तिथे पेन्सिलीने गोल कर.”

मी गोल केले. आणि त्यातून माझ्या स्वतःच्या थीसिसचं एक प्रकरण कोसळलं. ते कसं, हे शेवटी सांगते. आधी अहवालाकडे बघू, कारण तुमच्यापैकी जे सिनॉप्सिस लिहायला बसले आहेत त्यांना यातून कामाचं काहीतरी मिळेल असं मला वाटतं.

आधी जागा समजून घ्या. सॉल्ट लेक सिटीच्या आग्नेयेला वासाच नावाची पर्वतरांग आहे. तिच्यात लिटल कॉटनवुड ही अरुंद, खोल दरी. दरीतून राज्य मार्ग २१० वर चढतो आणि आल्टा नावाच्या छोट्या गावाशी संपतो. हिवाळ्यात पुढे जायला वाट नाही, आल्या रस्त्यानेच परत यायचं. वर दोन स्की रिसॉर्ट आहेत: स्नोबर्ड आणि आल्टा. (रिसॉर्ट म्हटल्यावर आपल्याकडे स्विमिंग पूल आणि बुफे डोळ्यांसमोर येतो. इथे अर्थ वेगळा आहे: अख्खा डोंगरउतार, त्यावर लोकांना वर नेणाऱ्या लिफ्ट, आणि तिकीट.) या रस्त्यावर हिमस्खलन येऊन पडू शकतं असे साठहून अधिक मार्ग आहेत. रस्ता जेमतेम आठ-नऊ मैलांचा, हे लक्षात घ्या. २०२२-२३ च्या हिवाळ्यात आल्टामध्ये ९०३ इंच, म्हणजे जवळजवळ २३ मीटर हिमवर्षाव नोंदला गेला. सात-आठ मजली इमारत बुडेल इतका.

अशा वेळी रस्ता बंद करतात, वरच्या उतारांवर स्फोट घडवून साचलेला बर्फ मुद्दाम खाली पाडतात, मग यंत्रं लावून रस्ता मोकळा करतात. धोका फारच असेल तर आल्टा-स्नोबर्डमध्ये ‘इंटरलॉज’ लागू होतो. म्हणजे बर्फातली संचारबंदी: इमारतीबाहेर पाऊल टाकणं हाच गुन्हा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती सुमारे साठ तास चालली होती.

आता या रस्त्याने जातं कोण? मोठा लोंढा रिसॉर्टला जाणाऱ्यांचा. पण आणखी एक जमात आहे: बॅककंट्री स्कीइंग करणारे. ते लिफ्ट वापरत नाहीत, तिकीट काढत नाहीत. स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाच्या पट्ट्या चिकटवायच्या, त्यांच्या पकडीवर डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा, माथ्यावर पट्ट्या काढायच्या आणि अस्पर्श बर्फावरून खाली यायचं. या उतारांपैकी बरीच जमीन सरकारी जंगलाची, म्हणजे सार्वजनिक आहे. त्यांना रस्त्यावर हवं ते एवढंच: पायवाट सुरू होते तिथे, म्हणजे ट्रेलहेडला, गाडी लावायला बर्फ काढलेली जागा. व्हाइट पाइन हे इथलं त्यांचं ओळखीचं ट्रेलहेड. ते स्नोबर्डच्या अलीकडे, रस्त्याच्या मध्येच येतं. हे ‘मध्येच’ लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्यावरच फिरते.

परिवहन विभागाने २०१८ मध्ये पर्यावरणीय परिणाम अभ्यास सुरू केला. २०२१ मध्ये मसुदा आला, त्यात पाच पर्याय होते: वाढीव बससेवा, बससेवा आणि तिच्यासाठी रस्तारुंदी, दोन ठिकाणांहून सुटणाऱ्या दोन प्रकारच्या गोंडोला, आणि दात्यांची रेल्वे. मसुद्यावर लोकांचे १३ हजारांहून अधिक अभिप्राय आले. २०२२ च्या अंतिम अहवालात गोंडोलाला पसंती मिळाली आणि जुलै २०२३ मध्ये निर्णय जाहीर झाला: आधी टप्प्याटप्प्याने बस, टोल आणि रस्त्यावर बर्फापासून आडोसा देणारी छपरं, नंतर निधी मिळाल्यावर सुमारे आठ मैलांची गोंडोला. गोंडोलाचा अंदाजे खर्च ७३ कोटी डॉलरच्या घरात. पुढे त्यावर न्यायालयात दावेही झाले. गोंडोला चांगली की वाईट या वादात मी पडणार नाही. तिकडे त्यावर घराघरात भांडणं आहेत आणि माझं मत कुणी विचारलेलंही नाही. मला बघायचंय ते हे, की अहवालाने मोजलं काय.

अहवालाचा उद्देश सुरुवातीलाच एका वाक्यात दिला आहे. त्याचा आशय असा: या रस्त्यावरची सुरक्षितता, भरवसा आणि वाहतुकीची सुलभता सर्व वापरकर्त्यांसाठी लक्षणीय सुधारणे. अमेरिकेच्या १९६९ च्या पर्यावरण धोरण कायद्याखालच्या अभ्यासात या वाक्याला फार वजन असतं. कोणता पर्याय विचारात घ्यायचा आणि कोणता बाद करायचा, हे त्याच्या कसोटीवर ठरतं. म्हणजे आपल्या सिनॉप्सिसमधली उद्दिष्टंच म्हणा ना. आपण ती गाईडना दाखवायची म्हणून घाईत लिहितो, आणि पुढची चार वर्षं ती आपल्याला दावणीला बांधून ठेवतात.

माझा पहिला पेन्सिलीचा गोल ‘सर्व वापरकर्ते’ याच शब्दांवर पडला. मग मी पुढे शोधत गेले: हे ‘सर्व’ पुढच्या प्रकरणांत कोणत्या आकड्याचं रूप घेतात?

तिसावा तास

सुलभता मोजायला अहवालाने महामार्ग अभियांत्रिकीतला एक जुना संकेत वापरला आहे: वर्षातला तिसावा सर्वांत गर्दीचा तास. कल्पना सोपी आहे. वर्षात ८,७६० तास असतात. प्रत्येक तासाला किती गाड्या गेल्या ते लिहा आणि मोठ्याकडून लहानाकडे रांग लावा. आलेख काढलात तर सुरुवातीला तो धाडकन उतरतो, मग सपाट होत जातो. ते वळण साधारण तिसाव्या तासाच्या आसपास येतं असा अनुभव. सर्वांत गर्दीच्या तासासाठी रस्ता बांधणं म्हणजे दिवाळीतल्या एका दिवसासाठी वीस खोल्यांचं घर बांधणं, म्हणून तिसावा तास धरायचा. शहाणपणाचा संकेत आहे, मला त्याच्याबद्दल तक्रार नाही.

पण ज्या रस्त्याच्या टोकाला दोन रिसॉर्टच आहेत, त्या रस्त्यावर हे पहिले तीस तास येणार कुठून? ताज्या बर्फाच्या शनिवारी सकाळी लिफ्ट सुरू होण्याआधीची रांग, नाहीतर दुपारी लिफ्ट बंद झाल्यावरची परतीची रांग. म्हणजे मोजपट्टी निवडली त्याच क्षणी वापरकर्ताही निवडला गेला. बॅककंट्रीवाले अनेकदा अंधारात निघतात. ऊन चढून बर्फ मऊ आणि धोकादायक व्हायच्या आत त्यांना उतरून यायचं असतं. ते कोंडीत सापडत नाहीत असं नाही, सापडतात. पण कोंडी त्यांच्या हालचालीवरून घडत नाही, त्यामुळे त्यांची हालचाल त्या तासात उमटत नाही. इथे कुणी खोटेपणा केलेला नाही. संकेत पाळला, एवढंच. आणि मला यातलं सगळ्यात त्रासदायक हेच वाटतं. आकड्यात चूक असली की पकडता येते, पण प्रचलित पद्धत बिनचूक वापरून एखादा गट गळाला तर परीक्षकही मान डोलावतो.

दुसरं मोजमाप प्रवासाच्या वेळेचं. ते दरीच्या अलीकडच्या एका मोठ्या रस्त्यापासून थेट आल्टापर्यंत. दोन टोकं धरली आणि मधलं अंतर कापायला माणशी किती मिनिटं लागतात ते काढलं. मध्येच उतरणाऱ्याचा प्रवास या व्याख्येत पूर्णच होत नाही.

गंमत म्हणजे, याही मोजमापात गोंडोला पहिली आली नव्हती. रुंदीकरणासह बस तिच्यापेक्षा वेगवान ठरते. गोंडोलाचं पारडं जड झालं ते तिसऱ्या निकषावर, म्हणजे भरवशावर: हिमस्खलनामुळे रस्ता बंद असतानाही ती बहुतेक वेळा चालू शकते. अख्ख्या निर्णयाचा कणा ‘रस्ता बंद असणे’ या एका चलावर उभा आहे. म्हणून त्या चलाची व्याख्या तपासायलाच हवी.

रिसॉर्टला जाणाऱ्याच्या दृष्टीने बंद रस्ता म्हणजे वाया गेलेले तास. त्याला वर पोचवलं की प्रश्न सुटला, कारण रिसॉर्टच्या आतले उतार रिसॉर्टचे लोक तपासून उघडतात. बॅककंट्रीवाल्याचं तसं नाही. त्याच्यासाठी दोन कुलपं असतात, एक रस्त्याचं आणि एक उताराचं. स्फोट घडवायचे असतात तेव्हा रस्त्यावरचे उतारही बंद करतात. माउंट सुपीरियर हा स्नोबर्डच्या समोरचा डोंगर बघा. त्याचा दक्षिण उतार स्कीवाल्यांचा लाडका आणि त्याच उताराखालून रस्ता जातो. वर माणसं असतील तर खाली बर्फ पाडता येत नाही, आणि वरच्या माणसाने चुकून बर्फ सोडला तर तो खालच्या गाड्यांवर येऊ शकतो. शिवाय वादळ ओसरल्यावरचे पहिले तास, ज्या वेळी रिसॉर्टवाल्याला वर जायची सर्वांत जास्त घाई असते, तेच डोंगरावर मोकळं फिरणाऱ्यासाठी सर्वांत घातक. म्हणजे एकाच बंद तासाचा दोन माणसांसाठी दोन वेगळा अर्थ आहे, आणि अहवालात त्याला एकच रकाना आहे.

गोंडोलाला वर स्थानकं दोनच: स्नोबर्ड आणि आल्टा. व्हाइट पाइनला थांबा नाही. बसच्या पर्यायांची आखणीही रिसॉर्टना थेट नेण्याभोवतीच होती. यावर विभागाचं म्हणणं साधारण असं, की गर्दी रिसॉर्टला जाणाऱ्यांमुळे होते म्हणून उपाय तिथे. तर्क म्हणून बरोबर आहे. पण मग उद्देशाच्या वाक्यात ‘सर्व’ कशाला? ‘रिसॉर्टला जाणाऱ्यांसाठी’ असं लिहिलं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता. अर्थात तसं लिहिलं असतं तर दोन खासगी व्यवसायांच्या दारापर्यंत सार्वजनिक पैशाने गोंडोला का, हा प्रश्न पहिल्याच पानावर उभा राहिला असता.

आता न्यायाने बोलायचं तर अहवालाने या लोकांना पूर्ण विसरलेलं नाही. टोल घ्यायची जागा वर, स्नोबर्डजवळ सुचवली आहे, त्यामुळे खालच्या ट्रेलहेडला थांबणाऱ्यांना तो पडू नये. ट्रेलहेडचे वाहनतळ सुधारायचेत. आल्टाच्या टोकापासून चालत चढणाऱ्यांना गोंडोलाचा उपयोगही होईल. शिवाय करमणुकीवरच्या परिणामांची चर्चा आहे, त्यात दरीतल्या मोठ्या दगडांवर चढाई करणाऱ्यांचीही दखल आहे. पण एक बारकावा बघा. त्या चर्चेत ही माणसं ‘बाधित’ म्हणून येतात. ज्याचा प्रवास मोजायचा असा ‘वापरकर्ता’ म्हणून येत नाहीत. वाहनतळ सुधारताना आसपासचं रस्त्याकडेचं पार्किंग काढायचं ठरतं. सुरक्षिततेसाठी ते योग्यही असेल, पण ज्याच्याकडे बस थांबत नाही त्याला रस्त्याकडेची जागा हीच बस होती, हा हिशोब दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत पडतो.

कॅनडातली एक खिंड

असं म्हणताच तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की मग याहून वेगळं मोजता येतं का? की नुसतीच टीका?

ब्रिटिश कोलंबियात रॉजर्स पास नावाची खिंड आहे, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात. १८८५ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे तिथून गेली. मार्च १९१० मध्ये रुळांवरचा बर्फ काढणाऱ्या ५८ कामगारांचा हिमस्खलनाने बळी घेतला. १९१६ मध्ये रेल्वे कॉनॉट बोगद्यात गेली. पुढे १९६२ मध्ये ट्रान्स-कॅनडा महामार्ग त्याच खिंडीतून खुला झाला. या महामार्गाला सव्वाशेहून अधिक हिमस्खलनाचे मार्ग छेद देतात. तिथे कॅनडाच्या लष्कराचे तोफखान्याचे जवान १०५ मिलिमीटरच्या तोफांनी डोंगरावरचा बर्फ पाडतात. लष्कर दरवर्षी हिवाळ्यात खरोखर डोंगरावर गोळे डागतं, मलाही आधी थट्टा वाटली होती. आणि हीच खिंड बॅककंट्री स्कीइंगसाठी जगभर प्रसिद्ध आहे. म्हणजे ज्या उतारावर तोफेचा मारा, त्याच उतारावर माणसाला चढायचंय.

तिथे उद्यान प्रशासनाने १९९० च्या दशकात हिवाळी परवान्याची पद्धत आणली. डोंगराचे तीन भाग: कायम बंद, निर्बंधित आणि मुक्त. निर्बंधित भाग रोज सकाळी, त्या दिवशी तोफा चालायची शक्यता बघून, उघडा की बंद ते जाहीर होतं. त्या भागात जायचं तर परवाना लागतो. वार्षिक परवान्यासाठी प्रश्नावली सोडवावी लागते, जेणेकरून नकाशा आणि नियम तुम्हाला कळलेत हे दिसावं. गाडी ठरलेल्याच वाहनतळावर लावायची. बंद भागात कुणी शिरल्याचं दिसलं तर तोफ थांबते, आणि तोफ थांबली की महामार्गावरचे ट्रक थांबतात.

या पद्धतीत ‘खुलं असणं’ हा रस्त्याचा गुण नाहीच. ते एका जोडीचं वर्णन आहे: अमुक वाहनतळ, त्याच्या वरचा अमुक उतार, अमुक तारखेला. नोंदीचं एककच वेगळं आहे. ट्रकवाल्याचा हक्क आणि स्कीवाल्याचा हक्क एकमेकांच्या आड येतात हे त्यात मान्य केलेलं आहे, ‘सर्व’ या शब्दाखाली झाकलेलं नाही.

पण थांबा, मीसुद्धा पहिल्या मसुद्यात इथेच घसरले होते. ‘कॅनडाला जमलं, युटाला जमलं नाही’ असं लिहून मॅडमकडे दिलं. मॅडमनी समासात एकच शब्द लिहिला: “तुल्य?” आणि बरोबर होतं त्यांचं. रॉजर्स पासमध्ये जमीन, डोंगर आणि हिमस्खलन नियंत्रण एकाच उद्यान प्रशासनाच्या अखत्यारीत. लिटल कॉटनवुडमध्ये रस्ता परिवहन विभागाचा, जंगल संघीय वनसेवेचं, पाणलोट सॉल्ट लेक सिटीचा (इतका कडक, की दरीत कुत्रं न्यायलाही मनाई), आणि रिसॉर्टची मालकी आणखी वेगळी. परिवहन विभागाला उताराबद्दल बोलायचा अधिकारच तोकडा. त्याने रस्ता मोजला, कारण त्याच्याकडे रस्ताच होता. शिवाय रॉजर्स पासचा महामार्ग देशाच्या दोन बाजू जोडतो, युटातला रस्ता डोंगरात संपतो. तुलना करायचीच तर ‘कोण शहाणं’ अशी नको, ‘नोंदीचं एकक कशामुळे बदललं’ अशी हवी.

रॉजर्स पासची पद्धतही काही रामबाण नाही. सकाळी निर्णय जाहीर होतो, म्हणजे रेव्हलस्टोक किंवा गोल्डनला राहणाऱ्याला फोन बघून तासाभरात निघता येतं. कॅलगरीहून येणाऱ्याला आदल्या दिवशीच गाडी काढावी लागते, मग तो बंद फाटकाशी पोचणार. आणि परवाना माणसाला शहाणं करतोच असं नाही. १ फेब्रुवारी २००३ ला याच खिंडीजवळच्या कॉनॉट क्रीकच्या खोऱ्यात सहलीला आलेल्या एका शाळेच्या गटावर हिमस्खलन आलं आणि सात विद्यार्थी गेले. त्यानंतर उद्यान प्रशासनाने मार्गांची धोक्यानुसार वर्गवारी केली आणि मुलांना घेऊन येणाऱ्या गटांवर वेगळे नियम लावले. हक्क किती आणि कुणाचा हा प्रश्न तिथे असा किंमत मोजून शिकला गेलाय.

अजून एक छोटं उदाहरण देते, कारण ते थेट तुमच्या एक्सेल शीटशी संबंधित आहे. वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला लाँगमायर ते पॅराडाइज रस्ता हिवाळ्यात बर्फात चालणाऱ्या-फिरणाऱ्यांचा मुख्य दरवाजा. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो बराच काळ फक्त शनिवार-रविवार उघडत असे. कारण हिमस्खलन नाही, कर्मचारी कमी. आता कुणी ‘रस्ता बंद असलेले दिवस’ असा एकच स्तंभ करून त्याचा हिमवर्षावाशी संबंध काढायला बसला तर? मंगळवारी ऊन पडलंय, बर्फ काढण्याजोगा आहे आणि रस्ता बंद. मॉडेल गोंधळणार, आणि आपण त्याला ‘नॉइज’ म्हणून सोडून देणार. बंद का, हा वेगळा स्तंभ हवा. बंद कुणी केला, हा आणखी वेगळा.

माझं प्रकरण

आता माझी गोष्ट. थीसिसच्या चौथ्या प्रकरणात मी एका घाटाच्या दोन टोकांना मोजलेल्या गाड्या घेतल्या होत्या. रस्ता किती तास बंद, त्या काळात एरवी किती गाड्या गेल्या असत्या, गुणाकार केला की माणशी वाया गेलेले तास. छान आलेख आले होते. एका परिषदेत पोस्टरही लावलं होतं. जुलै २०२१ च्या पावसात आंबेनळी घाटाची काय गत झाली ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. तशा घटनांसाठी हा निर्देशांक उपयोगी पडेल असं मी ठोकून लिहिलं होतं. आणि प्रस्तावनेत, हो, अगदी ह्याच शब्दांत: ‘सर्व प्रवाशांसाठी’.

अहवाल वाचून झाल्यावर त्या रात्री मी माझ्याच प्रकरणात पेन्सिलीने गोल करत बसले. घाटाच्या मध्यावर एक फाटा आहे. तिथे एसटी थांबते, माणसं उतरतात आणि वाडीवर चालत जातात. खालून चढलेला माणूस मध्येच उतरला तर तो माझ्या वरच्या टोकाला पोचतच नाही. मी ‘दोन्ही टोकांवर दिसलेली फेरी म्हणजे एक प्रवास’ असं धरलं होतं. म्हणजे त्या वाडीतल्या प्रत्येक माणसाचा प्रवास माझ्या डेटात शून्य होता. कमी नाही, शून्य. व्हाइट पाइनवाल्यांसाठी मी चार पानं तावातावाने टिपणं काढली होती, आणि माझं व्हाइट पाइन माझ्याच नकाशावर होतं.

पुढचं आणखी वाईट. दरडीचा धोका असला की अनेकदा रस्ता पूर्ण बंद करत नाहीत, फक्त अवजड वाहनांना बंदी घालतात. माझ्या शीटमध्ये असे दिवस ‘अंशतः खुला’ म्हणून होते आणि त्यांना मी अर्धं वजन दिलं होतं. पण एसटीही अवजड धरून थांबवली तर वाडीसाठी तो दिवस पूर्ण बंदच. कारवाला वर-खाली करतोय, निर्देशांक सुधारतोय, आणि डोक्यावर बोचकं घेतलेली बाई फाट्यापर्यंत येऊ शकत नाही.

बॅककंट्री स्कीवाला आणि वाडीतली ती बाई यांना एका पंगतीत बसवू नका असं कुणी म्हणेल. मान्य आहे. एकाची हौस, दुसरीचा दवाखाना आणि बाजार. पणाला लागलेल्या गोष्टींची तुलनाच नाही. पण दोघं डेटातून गळतात ती वाट मात्र एकच आहे: टोकापर्यंत न जाणारा माणूस.

मॅडमना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, त्या म्हणतील ‘मर्यादा’ या मथळ्याखाली दोन ओळी टाक आणि पुढे चल. मी ती पळवाट मनात तयारच ठेवली होती. त्यांनी विचारलं, “निर्देशांकाचं नाव बदलशील की मोजमाप?” नाव बदलणं एका दुपारचं काम होतं: ‘घाट पार करणाऱ्या वाहनांसाठी’ एवढं लिहिलं की प्रामाणिकपणा झाला. मोजमाप बदलायचं तर एक अख्खा पावसाळा. फेलोशिपचे महिने मोजले, घरी फोन केला, आईने “आणखी किती वर्षं गं?” हा ठरलेला प्रश्न विचारला.

शेवटी दोन्ही करते आहे. जुन्या निर्देशांकाचं नाव बदललं आणि पोस्टरच्या फाईलवर मोठ्या अक्षरात ‘जुनं’ असं लिहून ठेवलं. नव्या शीटमध्ये आता एक ओळ म्हणजे एक थांबा आणि एक दिवस. स्तंभ असे: रस्ता उघडा का, एसटी आली का, नसेल तर का नाही आणि कुणाच्या आदेशाने, फाट्यावर किती उतरले, किती चढले. जूनपासून आठवड्यातले तीन दिवस फाट्यावर बसायचं ठरवलंय. तिथल्या चहाच्या टपरीवाल्या काकांशी बोलणं झालंय. ते म्हणाले, पहिली गाडी सहा वाजून दहा मिनिटांनी येते, पण पावसात तिचा काही नेम नाही, तेव्हा छत्रीपेक्षा इरलं आणा.